शाळेतील नाताळची मेजवानी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सव समितीनें मला शाळेच्या जुन्या दिवसांविषयीं बोलण्याची आज्ञा केली आहे. धर्मगुरु उभा राहिला म्हणजे प्रवचन होणार, अशी आपणांस धास्ती वाटत असेल. परंतु आज प्रवचन नाहीं. एका मेजवानीची हकीकत तेवढी सांगणार आहे.

माझें गांव वसईच्या याच पट्ट्यांतलें. सन १९७९ ची ही गोष्ट. त्या वेळीं आपला मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ सालीं झाला आणि पालघर जिल्हा तर २०१४ सालीं. संयुक्त राष्ट्रांनीं १९७९ हें बालकवर्ष म्हणून जाहीर केलें होतें. म्हणून नाताळच्या सुटीपूर्वींची शाळेची मेजवानी त्या वर्षीं जरा थाटाची करावी, असें गुरुजनांनीं ठरविलें. मी पांचवींत होतों आणि वर्गाचा नायक होतों. त्या पदाचा मला केवढा ताठा होता, तें आतां सांगतांनाहि संकोच वाटतो.

थाट म्हणजे काय, तर वर्तमानपत्राच्या कागदावर मूठभर चिवडा, एक रव्याचा लाडू, रावळगांवच्या दोन गोळ्या आणि लिंबाचें सरबत. प्याला ज्यानें त्यानें घरून आणावयाचा. आजच्या मुलांना हसूं येईल. पण आम्हांला आठ दिवस आधीं झोंप येत नसे! गोठ्यासाठीं कोणी पेंढा आणी, कोणी बांबूच्या कांबटांचा तारा करी. पिठाची खळ शिजवून पताका चिकटवितांना निम्मी खळ आमच्या केसांना लागे. संगीतखुर्चीसाठीं वाद्य नव्हतें. एक गुरुजी पाठमोरे बसून पत्र्याचा डबा बडवीत व मनास येईल तेव्हां थांबत. कवायतीचे मास्तर नाताळबाबा होत. त्यांची कापसाची दाढी त्या वर्षीं सरबतांत बुडाली, आणि ती पिळून त्यांनीं पुन्हां लावली. एवढें निर्मळ हसूं मला पुढें फारसें ऐकावयास मिळालें नाहीं.

वर्गणी एक रुपया होती. ती गोळा करून वहींत नांवें लिहिण्याचें काम माझ्याकडे होतें. माझ्याच बांकावर बसणाऱ्या एका मुलाचें नांव शेवटपर्यंत वहींत आलें नाहीं. त्याचा बाप दुखणाईत होता. पानमळ्याचें काम आई एकटी ओढीत होती. हें मला ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें असें म्हणण्याची सोय असती तर बरें झालें असतें.

त्याच महिन्याच्या १० तारखेस मदर तेरेसा यांना ऑस्लो येथें नोबेल शांतता पारितोषिक देण्यांत आलें. त्या सोहळ्याची मेजवानी मदरनीं नाकारली आणि तिचा पैसा गरिबांसाठीं मागून घेतला, ही हकीकत सिस्टरांनीं प्रार्थनेच्या वेळीं आम्हांस सांगितली होती. सर्वांत जोरानें टाळ्या मीं वाजविल्या.

मेजवानीच्या दिवशीं तो मुलगा आला. केस चोपून बसविलेले, हातांत प्याला, आणि खांद्यावरच्या पिशवींत राजेळी केळ्यांच्या दोन फण्या. रुपयाऐवजीं आईनें त्याच त्याच्याबरोबर दिल्या होत्या. मी दारांत वही घेऊन उभा होतों. "तुझें नांव यादींत नाहीं," असें मीं म्हटलें. माझ्याशीं तो भांडला नाहीं. पिशवीतून केळीं काढून त्यानें ओट्यावर ठेवलीं, पिशवी घडी करून प्याल्यांत खोंचली आणि बावखलाच्या कडेकडेनें घरीं गेला.

आणि बंधुभगिनींनो, तीं केळीं आम्हीं खाल्लीं. मींहि खाल्लें. बाईंनीं "हीं कोणीं आणलीं?" असें विचारलें, तेव्हां मी गप्प राहिलों.

सुटीनंतर तो पुन्हां माझ्याच बांकावर बसूं लागला. त्यानें ती गोष्ट कधीं काढली नाहीं, मींहि नाहीं. सातवीनंतर त्यानें शाळा सोडली व पहाटेच्या गाडीनें दादरला फुलें नेऊं लागला. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवशीं वेदीवर जीं फुलें होतीं, तीं त्याच्या वाडींतलीं होतीं. त्यांचे पैसे त्यानें घेतले नाहींत. त्या दिवशीं तरी मीं बोलावयास हवें होतें. बोललों तो गेल्या वर्षीं, त्याच्या ओसरीवर बसून. तो म्हणाला, "फादर, केळीं पिकलीं होतीं का, तेवढें सांगा. आई नेहमीं विचारायची." पिकलीं होतीं, असें मीं सांगितलें.

आतां समितीच्या कामाविषयीं थोडें. उद्यांच्या महोत्सव-भोजनासाठीं कूपनें छापलेलीं आहेत. खर्च मोठा आहे, आणि समितीच्या मंडळींनीं कष्टानें हिशेब बसविला आहे. त्यांना दोष नाहीं. परंतु काल रात्रीं त्यांच्याशीं बोलून तीं कूपनें मीं कपाटांत ठेवून दिलीं. चर्चच्या आंत, बाजूच्या दाराशीं एक पेटी ठेवली आहे. तेथें कोणी बसणार नाहीं, कोणी नांव लिहिणार नाहीं. ज्यांनीं कूपनांचे पैसे आधींच दिले आहेत, त्यांनीं ते परत मागितल्यास कोषाध्यक्ष देतील. न मागितल्यास त्यांना आनंद होईल, असें त्यांनीं मला खासगींत सांगितलें आहे.

भोजन साडेबारा वाजतां आहे. शेजाऱ्यांना घेऊन या.