बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं

गिरगांवांतल्या किंवा लालबागेंतल्या कुटुंबानें उपनगरांत जागा घेण्याचें मनांत आणलें म्हणजे घरांत पहिली मोजणी सुरू होते ती चौरस फुटांची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ज्यांची हयात गेली, मजल्याच्या टोकाशीं असलेल्या सामाईक संडासापुढें ज्यांनीं पहाटे बादली घेऊन रांग धरली, त्यांना स्वतंत्र स्वयंपाकघराचें आणि घरांतल्या न्हाणीघराचें अप्रूप वाटावें यांत नवल तें काय? मलाही तें वाटलें होतें. १९९४ सालीं आम्हीं गिरगांवचें बिऱ्हाड मोडून डोंबिवलीस घर केलें. त्या वेळीं मीं फुटांविषयीं पुष्कळ विचारलें. बाकीचें विचारावयाचें राहून गेलें. तें बाकीचें आज आपणांपुढें मांडतों.

उपनगर हा शब्द मुंबईंत मोठा चंचल आहे. आज ज्या दादरला आपण शहराचें काळीज समजतों, तें दादर शंभर वर्षांपूर्वीं गिरगांवकरांच्या लेखीं गांवाबाहेर होतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला; दाट वस्तीची भीति सर्वांच्या मनांत बसली. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि पुढें त्या ट्रस्टानें दादर-माटुंग्याकडे रस्ते आंखून मोकळ्या वसाहती वसविण्यास जागा दिली. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी त्यांतल्याच. समुद्राकडच्या बाजूचें मैदान १९२५ सालीं लोकांना खुलें झालें आणि १९२७ सालीं त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. माझ्या आजीची थोरली बहीण त्या सुमारास नवऱ्याबरोबर दादरला राहावयास गेली, तेव्हां चाळींतल्या बायकांनीं जिन्यावर उभें राहून डोळ्यांस पदर लावला होता, असें आजी सांगे. चर्नी रोडहून दादर किती दूर, तें आपण जाणतांच!

पण त्या बायकांचें रडणें अगदींच वेडेपणाचें होतें असें मला आतां वाटत नाहीं. वसाहत आंखली कीं लगेच वस्ती होते असें नाहीं. शिवाजी पार्कावर मैदान आधीं आलें. बालमोहन विद्यामंदिर निघालें तें १९४० सालीं, आणि शिवाजी मंदिराचें नाट्यगृह त्यानंतर पंचवीस वर्षांनीं, १९६५ सालीं. मैदान खुलें झालें त्या वर्षीं जन्मलेल्या मुलाला ना त्या शाळेची बाराखडी मिळाली, ना तरुणपणीं त्या नाट्यगृहाची खुर्ची. तेव्हां नव्या वसाहतीच्या रंगीत पत्रकांत जें जें 'होणार आहे' म्हणून लिहिलेलें असतें, त्यापुढें आपल्या मुलांचीं व आईवडिलांचीं वयें मांडून पाहावीं.

जागा रविवारीं पाहूं नये. रविवारीं गाड्या त्यांतल्या त्यांत मोकळ्या, दलाल हसतमुख आणि गच्चीवरची टाकी भरलेली असते. जागा पाहावी ती कामाच्या दिवशीं, आणि तीही आधीं स्टेशनावर सकाळीं आठाच्या सुमारास अर्धा तास उभें राहून. डोंबिवली मुंबईच्या मुख्य स्टेशनापासून सुमारें ४८ किलोमीटर. वेळापत्रकांत हें अंतर जलद गाडीनें तासा-सव्वा तासाचें दिसतें. पण डब्यांत पाय ठेवावयास जागा मिळेल कीं नाहीं हें वेळापत्रक सांगत नाहीं. गिरगांवांत असतांना मी फोर्टमधल्या कचेरींत चालत जात असें. डोंबिवलीस गेल्यावर उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा काळ एकदां मोजला, तेव्हां कळलें कीं, दिवसाचे साडेतीन तास मी नव्या स्वयंपाकघराची किंमत म्हणून भरीत आहें. बँकेचें कर्ज पुढें फिटलें. हा हप्ता निवृत्त होईपर्यंत चालू राहिला.

हद्दीचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. बृहन्मुंबईची हद्द १९५० व १९५७ सालीं वाढत जाऊन दहिसर व मुलुंडपर्यंत पोंचली. त्यापलीकडे लोकल तीच धांवत असली, तरी महापालिका निराळी, पाणी निराळें आणि करही निराळा. डोंबिवलीचा कारभार १९८३ पासून कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे आहे. आपल्याला पाणी कोण देतें, किती वेळ देतें आणि उन्हाळ्यांत टँकरचे पैसे कोण भरतो, हें त्या त्या इमारतींत विचारावें. परळचें के. ई. एम. रुग्णालय १९२६ पासून उभें आहे; लालबागच्या माणसाला तें चालत जाण्याच्या अंतरावर. उपनगरांत गेल्यावरही मोठें दुखणें आलें कीं गाडी पुनः परळकडेच वळते, हें मीं कितीतरी घरांत पाहिलें आहे. ज्यांच्या घरीं हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रोगी आहे, त्यांनीं रात्रीं दोन वाजतां त्याला कोठें न्यावयाचें याचें उत्तर मिळाल्यावांचून बयाणा देऊं नये.

पावसाचेंही तसेंच. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याच काळांत पंचाहत्तरही भरला नाहीं. दक्षिण मुंबईंत बसून बांधलेला पावसाचा अंदाज बरोबर नेतां येत नाहीं. तळमजल्यावरच्या एखाद्या बिऱ्हाडांत जाऊन भिंतीवरची जुनी ओल पाहावी.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यासाठीं वकील आहेत. नव्या इमारतीची महारेराकडील नोंद आणि तयार इमारतीचें भोगवटा प्रमाणपत्र पाहावें, एवढें पुरे. परंतु जी खोली सोडावयाची तिच्याविषयीं मात्र लोक विलक्षण घाई करतात. उपकरप्राप्त चाळीची पुनर्बांधणी होते तेव्हां पात्र भाडेकरूस निदान ३०० चौरस फुटांची जागा मिळण्याची तरतूद आजच्या नियमांत आहे. आम्हीं खोली मालकास परत दिली आणि त्या पैशांत डोंबिवलीचा पहिला हप्ता भागविला. आज त्या जागीं मनोरा आहे व टिकून राहिलेले आमचे शेजारी त्यांत राहतात. अर्थात् मनोऱ्याची वाट पाहण्यांत कांहीं घरांची एक पिढी संक्रमण शिबिरांत गेली, हेंही विसरून चालणार नाहीं. पण पगडीची खोली एकदां सुटली कीं परतीची वाट राहत नाहीं, हें सही करण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांना ठाऊक असावें.

सर्वांना म्हणतों तें जाणून म्हणतों. माझ्या वडिलांना, अण्णांना, आम्हीं विचारलें नव्हतें. मुद्दाम टाळलें असें नाहीं; सारें त्यांच्या सुखासाठींच चाललें आहे या समजुतींत तें कोणाच्या ध्यानांतच आलें नाहीं. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाहीं. चाळीच्या गॅलरींत खुर्ची टाकली कीं त्यांचा दिवस आपोआप भरे. येणारा-जाणारा थांबे, कोणी अर्ज लिहून घेई, कोणाचें मूल पाढे म्हणावयास येऊन बसे. येथें समोरासमोर दारें, आणि दोन्ही बंद. पहिल्या पावसाळ्यानंतर दर मंगळवारीं 'पेन्शनच्या कामासाठीं बँकेंत जातों' असें सांगून ते सकाळीं निघूं लागले व दिवेलागणीस परत येऊं लागले. वर्षभरानें जुन्या चाळींतल्या काकू मला एका लग्नांत भेटल्या.

"अरे, अण्णांचे गुडघे हल्लीं फार दुखतात का रे?" त्यांनीं विचारलें. "मंगळवारीं आले कीं जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसतात. मग मी चहा खालींच आणून देतें."

पुढच्या मंगळवारीं मी कचेरींतून लवकर निघून चाळींत गेलों आणि त्यांना बरोबर घेऊन आलों. गाडींत त्यांना बसावयास जागा मिळाली. मी समोर उभा होतों. बँकेचा विषय दोघांनींही काढला नाहीं.

नव्या ठिकाणीं चाळमालकाची जागा सोसायटी घेते. गृहसंस्थेची ही कल्पना मूळची गिरगांवच्या शेजारची: १९१५ सालीं गांवदेवीस राव बहादुर तलमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली, आणि देशांतल्या अगदीं आरंभींच्या सहकारी गृहसंस्थांत तिची गणना होते. सोसायटीच्या सभेला जाण्याचा कंटाळा करूं नये. अण्णांनीं तो केला नाहीं. फाटकाजवळ एक बाक असावें असा त्यांनीं अर्ज दिला. त्यास दोन सर्वसाधारण सभा लागल्या. स्कूटरींची जागा अडते म्हणून दोघां सभासदांनीं विरोध नोंदविला.

अण्णा आतां नाहींत, बाक आहे. जागा पाहावयास आलेली मंडळी पुष्कळदां त्यावर बसून दलालाची वाट पाहत असते, आणि शेजारींच आमच्या इमारतींतले दोन-तीन म्हातारे बसलेले असतात. मंडळी त्यांना कांहींच विचारीत नाहीं. पाणी किती वाजतां येतें आणि कोणत्या मजल्यापर्यंत चढतें, हें त्या म्हाताऱ्यांना पाठ आहे.