अंतराळात वजन कुठे जाते?



साहित्याच्या व्यासपीठावर गुरुत्वाकर्षणाचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटले असेल. पण हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. वृत्तात आपण लघु आणि गुरु मोजतो, त्यातलाच हा गुरु, म्हणजे जड. जड वस्तू खाली येते हा अनुभव सर्वांचा आहे. त्याला नाव देणे हे भाषेचे काम, आणि नाव चुकले की पुढची समजही चुकते. अशाच एका चुकलेल्या नावाबद्दल मला बोलायचे आहे.

अंतराळयात्री यानात तरंगताना दिसला की बातमीत 'शून्य गुरुत्वाकर्षण' हे शब्द हमखास येतात. वाचणाऱ्याचा समज होतो, की हवा संपली तिथे पृथ्वीची ओढही संपली. वस्तुस्थिती तशी नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर जेमतेम सहा टक्क्यांनी वाढले. अंतर दुप्पट झाले तर ओढ चौथाई होते. एवढ्याशा वाढीने ती फक्त अकरा-बारा टक्के कमी होते. समजा, तेवढ्याच उंचीचा मनोरा बांधून तुम्ही त्याच्या माथ्यावर उभे राहिलात, तर इथे ६० किलो दाखवणारा वजनकाटा तिथे सुमारे ५३ किलो दाखवील. तुम्ही तरंगणार मात्र नाही.

मग यात्री का तरंगतो? तो पडतो आहे म्हणून. यान, यात्री आणि त्याच्या हातून सुटलेले पेन, सगळे एकाच चालीने पडत असतात, म्हणून एकमेकांच्या तुलनेत ते जागच्या जागी दिसतात.

पडतात, तर जमिनीवर का येत नाहीत? न्यूटनने यासाठी उंच डोंगरावरच्या तोफेचे उदाहरण घेतले होते. हातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल आहे. दर आठ किलोमीटरला तिचा पृष्ठभागही साधारण पाच मीटर खाली वळतो. आता हवेचा अडथळा नाही असे धरा, आणि तोफगोळा सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने आडवा सोडा. तो जेवढा पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून खाली जाईल. तो पडतच राहील आणि पोहोचणार कधीच नाही. स्थानक असेच पडत पडत सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी घालते. १९८४ साली राकेश शर्मा सॅल्यूत-७ या स्थानकावर गेले, तेव्हा त्या मुक्कामात तेही सारा वेळ पृथ्वीकडे पडतच होते.

आता वजनाकडे वळू. आपल्याला जे वजन जाणवते ते ओढीमुळे नव्हे, तर पायाखालची जमीन आपल्याला अडवते म्हणून. लिफ्ट खाली निघताना क्षणभर अंग हलके होते, ते याचमुळे. अडवणारे काही उरलेच नाही, की वजन जाणवत नाही.

इथे वाण्याची जुनी तागडी कामी येते. एका पारड्यात किलोचे माप आणि दुसऱ्यात किलोभर साखर ठेवून ती चंद्रावर न्या. तागडी समतोलच राहील, कारण दोन्ही पारड्यांची ओढ सारखीच घटली. ताणकाट्याला टांगलेली तीच साखर मात्र १६५ ग्रॅमच्या आसपास भरेल, कारण चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. तागडी सांगते ते वस्तुमान, ताणकाटा सांगतो ते वजन. फिरत्या स्थानकात दोन्ही निरुपयोगी. पण साखर तेवढीच असते. तिथे जड पेटी उचलावी लागत नाही, तरी ढकलायला जोर लागतो आणि अंगावर आली तर लागतेही.

पृथ्वी वस्तूंना ओढते, हा विचार आपल्याकडे जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायात म्हटले आहे, की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे. ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते म्हणून त्या पडताना दिसतात. आणि चहूकडे आकाश सारखेच असताना पृथ्वीने स्वतः पडावे तरी कुठे, असे ते विचारतात. हा प्रश्न फार मोलाचा आहे. पण एवढ्यावरून 'न्यूटनच्या आधी आम्हीच' म्हणून मोकळे होणे बरे नाही. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात पुढचे पाऊल टाकले, ते हिशोबाचे. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठ त्रिज्यांवर आहे, म्हणून तिथली ओढ ३,६०० पट कमी असली पाहिजे. तसे असेल, तर इथे दगड एका सेकंदात जितका पडतो, तितके पडायला चंद्राला एक मिनिट लागेल. चंद्राच्या कक्षेवरून पडताळले, तर हिशोब जुळतो. दगड आणि चंद्र एकाच नियमाने पडतात, हे अशा रीतीने सिद्ध झाले. पूर्वजांचा मान राखायचा, तर त्यांनी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे दोन्ही नीट वाचले पाहिजे.

हे सारे इथे मांडण्याचे कारण आपल्या घरातले आहे. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या कितीतरी घरांत मुले विज्ञान इंग्रजीत, हिंदीत, गुजरातीत किंवा कन्नडमध्ये शिकतात, आणि मराठी उरते ती सणावारांना आणि नातलगांच्या बोलण्यात. ज्या भाषेत मूल 'का' विचारत नाही, ती भाषा ते पुढे आपल्या मुलांना देईल याचा भरवसा काय? शब्दांची अडचण नाही. वजन, वस्तुमान, तागडी, ताणकाटा हे शब्द आहेतच. 'शून्य गुरुत्वाकर्षण' याऐवजी 'भारहीनता' हा नेमका शब्दही तयार आहे. तो वापरणारी माणसे हवीत.

तेव्हा घरातल्या नातवाने विचारले, की अंतराळात माणूस का तरंगतो, तर 'शाळेत विचार' म्हणू नका. तो पडतो आहे, असे सांगा. पोराचा विश्वास बसणार नाही, ते वाद घालील. तो वाद मराठीत होऊ द्या.