जुन्या लष्करी लॉरींतील ऊब

खानदेश म्हटला कीं प्रथम ऊन आठवतें, आणि तें योग्यच आहे. जळगांव-भुसावळकडे मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या वर चढतो. परंतु ह्याच मुलखांत पौषांतल्या पहांटे धुळ्याकडे तो पांच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हें बाहेरच्यांना खरें वाटत नाहीं. रावेर-यावलच्या बागाइतदाराला तें सांगावें लागत नाहीं. थंडीनें केळीची वाढ कशी खुंटते, हें तो डोळ्यांनीं पाहतो. तींच केळीं घेऊन रात्रीं उत्तरेकडे निघालेला, किंवा शिरपूरवरून बिजासन घाट चढणारा ड्रायव्हर ती थंडी केबिनमध्यें भोगतो. बोटें आंखडतात, श्वासानें समोरची कांच धुरकटते. म्हणून केबिनमधला हीटर ही केवळ चैन नव्हे. आज मी बोलणार आहें तें जुन्या लष्करी लॉरींतल्या, बहुधा बंद पडलेल्या, हीटरविषयीं.

अशा लॉऱ्या आपल्याकडे आल्या त्या दोन लाटांनीं. दुसरें महायुद्ध 1945 सालीं संपल्यावर सैन्याच्या फोर्ड, शेव्हरोले वगैरे गाड्या ‘डिस्पोजल’ ह्या नांवानें विकल्या गेल्या. पुढें 1959 पासून मॅन ह्या जर्मन कंपनीच्या परवान्यानें जबलपूर येथें ‘शक्तिमान’ तयार होऊं लागली. तिचें उत्पादनहि आतां थांबलें आहे. निकालांत निघालेल्या ह्या गाड्या लिलावांतून बाहेर पडतात. कोणी त्या कामाला लावतो, तर कोणी हौसेनें जतन करतो.

पाण्यावर चालणारा हीटर स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. एंजिनांत इंधन जळतें, त्याच्या उष्णतेपैकीं चाकें फिरविण्याच्या कामीं सुमारें चतुर्थांश ते तृतीयांश भाग येतो. उरलेली कांहीं धुराबरोबर, तर कांहीं एंजिनाभोंवतीं खेळणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. त्या तापल्या पाण्याचा एक फांटा दोन रबरी नळ्यांनीं केबिनमधल्या छोट्या रेडिएटरमध्यें आणावयाचा आणि त्यावरून पंख्यानें वारा सोडावयाचा, एवढीच ही युक्ति. हीटर बंद पडला म्हणजे नवी उष्णता शोधावयाची नसते; असलेल्या उष्णतेची वाट कोठें अडली, तें पाहावयाचें असतें.

ह्यासाठीं एंजिन चांगलें तापल्यावर, फिरत्या पंख्यापासून व पट्ट्यापासून हात दूर ठेवून, त्या दोन नळ्या चांचपून पाहाव्या. दोन्ही गरम असल्या तर पाणी येत आहे. दोष वाऱ्याचा आहे. पंख्याची मोटर, तिची तार, गंजलेला अर्थ, धुळीनें बुजलेल्या पत्र्या, हें तपासावें. लष्करी गाड्यांत कोठें 6, कोठें 12, तर कोठें 24 व्होल्टांची वीज असते. बाजारांतली 12 व्होल्टांची मोटर 24 वर जोडली तर ती जळून जाते.

एक नळी गरम व दुसरी गार असली, तर तोटी मिटलेली आहे, छोटा रेडिएटर बुजला आहे, किंवा आंत हवा अडकली आहे. विहिरीचें जड पाणी वर्षानुवर्षें भरल्यानें क्षारांचे थर बसतात. नळ्या सोडून, उलट दिशेनें, बेताच्या दाबानें स्वच्छ पाणी सोडावें. तीव्र आम्ल किंवा जोराचा फवारा वापरूं नये. जुन्या पितळी रेडिएटरचे झाळलेले सांधे तें सोसत नाहींत. हवा अडकली असल्यास एंजिन गार असतांना पाणी पुरें भरून वरची नळी किंचित् सैल करावी, आणि पाणी दिसतांच आवळावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींहि उघडूं नये. उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

दोन्ही नळ्या कोमटच राहिल्या, तर प्रथम रेडिएटरमधलें पाणी कमी झालें आहे काय तें पाहावें. तें पुरेसें असेल, तर हा उष्ण मुलखाचा खास रोग समजावा. पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची एक लहान झडप असते. पाणी साधारण 70 ते 80 अंशांपर्यंत तापेतों ती मिटलेली राहते, आणि नंतर मोठ्या रेडिएटरची वाट उघडते. उन्हाळ्यांत गाडी उकळूं लागली कीं ही झडपच काढून फेंकण्याची चाल आहे. मग हिवाळ्यांत पाणी तापतच नाहीं. हीटर गार राहतो, ही त्यांतली लहान हानि. गार एंजिन इंधन अधिक खातें व लवकर झिजतें, ही मोठी. गाडी उकळत असेल तर रेडिएटर साफ करावा, पंख्याचा पट्टा ताणावा. झडप जागच्या जागीं असूं द्यावी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हीटर चालत नाहीं म्हणून केबिनमध्यें कोळशाची शेगडी ठेवणें, अथवा कांचा लावून व एंजिन चालू ठेवून झोंपणें, ह्याइतकें घातक कांहीं नाहीं. कोळशांतून व एंजिनाच्या धुरांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं; आणि रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां 200 हून अधिक पटींनीं चिकटतो. डोकें दुखणें, भोंवळ, मळमळ ह्या त्याच्या खुणा. झोंपलेल्याला त्याहि कळत नाहींत. जुन्या लॉरीच्या तळपत्र्याला भोंकें असतात, पेडलांभोंवतींचीं रबरें फाटलेलीं असतात, धुराच्या नळीला चीर असते. म्हणून आधीं तीं भोंकें व ती चीर बुजवावी, मगच हीटरला हात घालावा. आणि त्याच्या पंख्याला वारा मिळावा तो बाहेरचा, स्वच्छ, एंजिनाच्या खोलींतला नव्हे. खुणा जाणवल्या तर गाडी थांबवून तात्काळ मोकळ्या हवेंत यावें व डॉक्टरांना गांठावें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारीं लॉरी नसेल. परंतु बाळंतिणीच्या खोलींत दारें-खिडक्या लावून शेगडी ठेवण्याची रीत आपल्या घरांना परकी नाहीं. तो वायु लॉरी आणि माजघर असा भेद करीत नाहीं. ह्या हिवाळ्यांत शेगडी पेटवाल, तेव्हां खिडकी उघडी ठेवा.