रिकाम्या भूमीवरचें नगर

दिवाळी जवळ आली, कीं महाराष्ट्रांतील घरोघरच्या अंगणांत एक लहानसें राज्य उभें राहूं लागतें. दगडविटांची रास, तीवर मातीचा लेप, उतारावर पेरलेले अळीव, पायथ्याशीं कांचेच्या तुकड्याचा तलाव, बुरुजांवर मातीचे मावळे आणि सर्वांत वर सिंहासनावर महाराज, एवढें झालें म्हणजे किल्ला पुरा होतो. पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांत महाळुंगे पडवळ नांवाचें गांव आहे. तेथील मुलांना या किल्ल्याचा नमुना शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत प्रत्यक्ष शिवनेरी उभा आहे. दरवाजा कोणत्या दिशेस ठेवावा, पाणी कोठें सांठवावें, बाजार कोठें भरवावा, असे प्रश्न किल्ला करणाऱ्या मुलास पडतात, आणि ते सोडवितांना त्याची सुट्टी कशी सरते, हें त्यास कळतहि नाहीं.

या जुन्या हौसेचें एक नवें रूप आतां घरगुती संगणकावर अवतरलें आहे. समजा, याच गांवच्या एखाद्या घरांत एक शाळकरी मुलगा संगणकापुढें बसला आहे. पडद्यावर थोडी झाडी, एक नदी आणि मातकट रंगाची विस्तीर्ण जमीन दिसत आहे. त्याच्या हातीं ठराविक रक्कम आणि नगराध्यक्षाचे सर्वाधिकार आहेत. त्यानें वीजघर बांधावें, तारा ओढाव्या, रस्ते आंखावे. राहण्यासाठीं एक भाग, पेठेसाठीं दुसरा आणि कारखान्यांसाठीं तिसरा भाग राखून ठेवावा. घरें मात्र त्यानें बांधावयाचीं नसतात. वीज पोंचली, रस्ता जवळ आला आणि जागा सोयीची वाटली, म्हणजे लोक आपण होऊन येतात व एकेक घर उभें राहूं लागतें. इतक्यांत आजोबा मागून डोकावतात आणि विचारतात, "काय रे, काय चाललें आहे?" मुलगा सांगतो, "शहर वसवतों आहें, आबा." आजोबा क्षणभर पडद्याकडे पाहतात आणि म्हणतात, "वसव बाबा. पण त्या जागीं आधीं कोण राहत होतें?" मुलगा हंसून उत्तर देतो, "कोणी नाहीं, आबा. यांत जागा रिकामीच असते."

हें कल्पित संभाषण दोन वाक्यांत संपतें. परंतु या खेळाचें सारें मर्म, त्याचा गुण आणि त्याची उणीव, त्या दोन वाक्यांत आलेली आहे.

या खेळाचा जन्महि मोठा मनोरंजक आहे. अमेरिकेंतील विल राइट यांनीं १९८४ सालीं संगणकावरील युद्धाचा एक खेळ रचला. त्यांत हेलिकॉप्टरांतून शत्रूच्या बेटांवर बॉंब टाकावयाचे असत. तीं बेटें, त्यांवरील रस्ते आणि कारखाने रेखाटीत असतां राइट यांस असें आढळून आलें, कीं तें सर्व उद्ध्वस्त करण्यापेक्षां रचण्यांतच अधिक गोडी आहे. पुढें जे फॉरेस्टर या अमेरिकन प्राध्यापकांचा, शहरांची वाढ व ऱ्हास गणिताच्या साह्यानें मांडणारा, १९६९ सालचा ग्रंथ त्यांच्या वाचनांत आला. मुलांचा खेळ आणि विद्वानाचें गणित यांचा असा संगम होऊन १९८९ सालीं 'सिमसिटी' हा खेळ प्रसिद्ध झाला. या खेळांत कोणी जिंकत नाहीं वा हरत नाहीं, त्यास शेवटहि नाहीं, मग तो घेणार कोण, अशी शंका आरंभीं घेतली गेली. परंतु जगभर त्याचें स्वागत झालें. २००८ सालीं त्याची मूळ रचना 'मायक्रोपोलिस' या नांवानें सर्वांस विनामूल्य खुली करण्यांत आली.

त्या मूळ खेळाचा कारभार पाहण्यासारखा आहे. १२० चौकोन लांब व १०० चौकोन रुंद अशी ती सृष्टि. काळाचा आरंभ १९०० सालीं. खेळ सोपा निवडल्यास तिजोरींत २०,००० डॉलर असतात. रस्त्याच्या एका चौकोनास १० डॉलर, वस्तीसाठीं एक भाग राखण्यास १०० डॉलर, असा दर ठरलेला. वर्षअखेरीस जमाखर्च पुढें येतो. कर वाढवावा, तर लोक शहर सोडूं लागतात. कर घटवावा, तर रस्त्यांची डागडुजी, अग्निशामक दल आणि पोलीस यांस पैसा पुरत नाहीं. पैसा वांचविण्यासाठीं रस्त्यांकडे दुर्लक्ष केलें, कीं ते हळूहळू उखडूं लागतात. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीचें मोल उतरवितो, आणि एखादें उद्यान तें पुन्हां चढवितें. एका ठिकाणीं केलेल्या कृत्याचें फळ दुसऱ्याच ठिकाणीं आणि पुष्कळ काळानें दिसतें, हा धडा पाठ्यपुस्तकाच्या दहा पानांनीं शिकवितां येणार नाहीं इतका स्पष्टपणें हा खेळ शिकवितो. नगरपालिकेच्या अर्थसंकल्पाची बातमी वाचतांना ज्यास कंटाळा येत असे, असा तरुण या खेळानंतर ती कुतूहलानें वाचूं लागला, तर त्यांत नवल नाहीं. तेव्हां हा केवळ कालापव्यय आहे, असें म्हणून पालकांनीं त्यास झिडकारणें योग्य होणार नाहीं.

परंतु आजोबांचा प्रश्न शिल्लक राहतोच. खेळांतील जमीन आरंभीं रिकामी असते. तीवर शेत नसतें, देऊळ नसतें, सातबाराचा उतारा नसतो, कोणाच्या पूर्वजांची समाधि नसते. अडथळा होणारें झाड बुलडोझरानें दूर करण्यास चौकोनामागें अवघा एक डॉलर पडतो. तसेंच, येणारे लोक कोठून येतात, हेंहि कोणी विचारीत नाहीं. हा दोष मूळ गणितापासूनच चालत आला आहे. फॉरेस्टर यांनीं शहराभोंवतालचा सर्व प्रदेश 'अमर्याद परिसर' या एकाच शब्दांत गुंडाळला होता. त्यांतून हवीं तेव्हां माणसें यावीं आणि नको तेव्हां त्यांतच परत जावीं. शहराच्या बाहेरचें जग जणुं एक अक्षय्य कोठार, त्यास स्वतःचें असें जीवन नाहीं!

आपल्या परंपरेंत नगर वसविण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा इंद्रप्रस्थाची आहे. पांडवांच्या वांट्यास खांडवप्रस्थाचा ओसाड मुलूख आला आणि त्यांनीं तेथें अमरावतीशीं स्पर्धा करणारें नगर उभारलें, हें सर्वांस ठाऊक असतें. मयासुराची अद्भुत सभाहि कोणी विसरत नाहीं. परंतु त्या सभेच्या आधीं खांडववन जळालें, त्यांतील नाग, पशु आणि पक्षी भस्म झाले, आणि मयासुर हा त्या अग्नींतून वांचलेल्या मोजक्यांपैकीं एक होता, हेंहि महाभारतानें लपविलेलें नाहीं. वैभवाच्या वर्णनाबरोबर त्याची किंमत नोंदवून ठेवण्याचें धैर्य त्या ग्रंथांत आहे. संगणकावरील खेळाच्या जमाखर्चांत नेमकी हीच एक बाजू कोरी राहते.

ती बाजू कशी असते, हें पाहण्यास आंबेगांव तालुक्याइतकें बोलकें उदाहरण क्वचित् मिळेल. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव मिळालें, तें मूळ गांव आज पाण्याखालीं आहे. घोड नदीवर डिंभे येथें धरण झालें. कुकडी प्रकल्पांतील हें एक मोठें धरण असून त्यांत सुमारें साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावतें. त्या पाण्यानें तालुक्यांतील शेती फुलविली, आणि कालव्यांच्या वाटेनें तें अहिल्यानगर व सोलापूर जिल्ह्यांच्या कोरड्या भागांकडेहि वळविलें गेलें. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु उन्हाळ्यांत जलाशयाची पातळी उतरली, कीं जुन्या आंबेगांवाचीं दगडी देवळें पाण्याबाहेर डोकावतात. ज्यांचीं घरें तेथें होतीं, त्यांस तीं पाहून काय वाटत असेल, हें कोणत्याहि आलेखांत उतरत नाहीं. २०१५ सालीं निघालेल्या 'सिटीज स्कायलाइन्स' या नव्या खेळांत नदीवर धरण बांधतां येतें. भिंतीमागें पाणी चढतें आणि सखल भागांतील घरें त्यांत बुडतातहि. इतकी प्रगति झाली आहे. तथापि बुडालेल्या घरांतील माणसें तेथें केवळ एका आंकड्यांतून वजा होतात. तीं देव उचलून नेत नाहींत, पावसाळ्यापूर्वीं दाराची चौकट काढून घेत नाहींत.

आणि शहरांत येणाऱ्या माणसांचें काय? त्याचें उत्तर खुद्द महाळुंगे पडवळनें दिलेलें आहे. १९०८ सालीं या गांवांत एका गरीब शेतकऱ्याच्या घरीं बाबू गेनू सैद यांचा जन्म झाला. पोटासाठीं ते मुंबईस गेले आणि कापडगिरणींत मजूर झाले. खेळाच्या भाषेंत सांगावयाचें, तर कारखान्याच्या भागांत काम निघालें आणि लोकसंख्येच्या रकान्यांत एकाची भर पडली. परंतु ता. १२ डिसेंबर १९३० रोजीं काळबादेवी भागांत परदेशी कापडानें भरलेली मोटार चालली असतां हाच एक आंकडा तिच्यापुढें आडवा झाला, आणि ती अंगावरून गेली तरी बाजूस सरला नाहीं. वय अवघें बावीस. ज्या नगरानें त्यांस केवळ हात म्हणून बोलाविलें होतें, त्या नगरास त्यांनीं आपलें मन दाखविलें. पुढें मुंबईंतील एका रस्त्यास त्यांचें नांव मिळालें, आणि डिंभ्याच्या जलाशयासहि 'हुतात्मा बाबू गेनू सागर' हेंच नांव देण्यांत आलें. ज्या पाण्यांत एक गांव बुडालें, त्यास शहराकडे गेलेल्या एका गिरणीकामगाराचें नांव असावें, यांत नगर आणि खेडें यांच्या देण्याघेण्याचा सर्व इतिहास सामावला आहे.

खेळांत आपत्तीहि असतात. अग्नि, पूर, भूकंप यांपैकीं हवी ती आपत्ति खेळणाऱ्यास स्वतः बोलावतां येते, आणि नको असल्यास सर्व आपत्ती एका खुणेनें बंदहि ठेवतां येतात. याच तालुक्यांतील माळीण गांवास ती सोय नव्हती. ता. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं मुसळधार पावसांत डोंगराचा कडा खचून गांवावर आला आणि दीडशेंहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. त्यानंतर आमडे येथें नवें माळीण वसविण्यांत आलें आणि २ एप्रिल २०१७ रोजीं घरें गांवकऱ्यांच्या स्वाधीन झालीं. ओळीनें पक्कीं घरें, रस्ते, शाळा असें तें सर्व रीतसर आंखलेलें होतें. तरीहि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसांत तेथील कांहीं भाग खचला आणि लोकांच्या उरांत पुन्हां धडकी भरली. आराखडा कागदावर निर्दोष असूं शकतो. परंतु डोंगराची माती, पावसाचें मान आणि एकदां भ्यालेलें मन यांचा ठाव घेतल्यावांचून गांव वसत नाहीं, केवळ घरें उभीं राहतात.

मग काय, मुलांच्या हातून हा खेळ काढून घ्यावा? मुळींच नाहीं. दिवाळीचा किल्ला खरा नसतो म्हणून कोणी तो करूं देत नाहीं असें नाहीं. उलट त्या मातींत हात घालूनच पुढें शिवनेरी चढण्याची इच्छा होते. या खेळांतूनहि उद्यांचे नगररचनाकार, अभियंते आणि जाणते नागरिक निपजावे. मात्र खेळाच्या जमाखर्चांत जी बाजू कोरी आहे, ती घरांतील वडीलधाऱ्यांनीं भरावी. मुलानें नदीकांठीं वीजघर बांधलें, तर त्याच्या शेजारीं बसून विचारावें, कीं येथें पूर्वीं कोणाचा मळा असेल? नव्या वस्तींत हजार माणसें आलीं, तर विचारावें, कीं तीं कोणत्या गांवांहून आलीं असतील आणि मागें कोण राहिलें असेल? पुण्यामुंबईच्या बहुतेक घरांत या प्रश्नाचें उत्तर फार लांब शोधावें लागत नाहीं. एखाद्या आजीच्या आठवणींत, जुन्या पत्रांत, गांवच्या देवाच्या तसबिरींत तें सांपडतें.

आणि महाळुंगे पडवळच्या त्या घरांत? आजोबांचा प्रश्न ऐकून मुलानें खेळ बंद केला नसेल. त्यानें कदाचित् एवढेंच केलें असेल, कीं नव्या रस्त्याची रेघ ओढतांना बुलडोझराची खूण क्षणभर थांबविली, नदीकांठचा झाडीचा एक तुकडा तसाच राखला आणि रस्ता थोडा वळवून नेला. त्यास दोन चौकोन अधिक लागले. म्हणजे वीस डॉलर अधिक पडले. नगराध्यक्षाच्या आयुष्यांतील तो पहिला शहाणा खर्च म्हणावयास हरकत नाहीं.