घरदुरुस्तीचे कंत्राट देताना



घरदुरुस्तीत वर्षानुवर्षांची शिल्लक खर्ची पडते. म्हणून कंत्राटदाराच्या गोड बोलण्यापेक्षा त्याचे जुने काम पाहावे. दोन पावसाळे काढलेल्या घरी जाऊन तेथील गृहिणीलाच विचारावे, "न्हाणीघर गळते का?" तिघांकडून लेखी अंदाजपत्रके घ्यावीत, सिमेंट, फरशी, नळ कोणत्या प्रतीचे, हे त्यांत नमूद असावे. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्यावेत. नव्या गिलाव्यावर निदान ७ दिवस पाणी मारून घ्यावे. न्हाणीघरात फरशी बसविण्यापूर्वी दोन दिवस पाणी तुंबवून खालचे छत तपासावे. काही रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवण्याची अट करारातच घालावी. आणि "बाई, तुम्हांला यातले कळायचे नाही," असे जो म्हणेल, त्याला दारातूनच नमस्कार करावा!