टपाल आणणारा जवान आणि दारावरचा संत्री



मी महूहून बोलतोय. इंदूरजवळची ही छावणी. पायदळातल्या अधिकाऱ्याचा इथल्या इन्फन्ट्री स्कूलशी कधी ना कधी संबंध येतोच, आणि माझ्यासारखे काही जण निवृत्तीनंतर इथेच मुक्काम ठोकतात. माझी पदवी इतिहासाची. कम्प्यूटर मी साठीच्या आसपास शिकलो, तेव्हा आजचं जे काही आहे ते कुणालाही जमण्यासारखं आहे. अट एकच, चिकाटी हवी.

आधी हे का केलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बटालियनच्या रेझिंग डेला गेलो होतो. तिथे साताऱ्याकडचा एक तरुण भेटला. त्याचे वडील माझ्या कंपनीत हवालदार होते. ते वारले, हे मला तिथेच कळलं. आईच्या फॅमिली पेन्शनचं अडलं होतं. कागदपत्रांत तिचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिलेलं. जुन्या कंपनी कमांडरचं पत्र मिळालं तर मदत होईल, असं त्याला कुणीतरी सुचवलं होतं. मी म्हटलं, "अरे, मग मला कळवायचं नाही का?" तो म्हणाला, "साहेब, मेल टाकला होता. उत्तर आलं नाही, म्हणून म्हटलं साहेबांना त्रास नको."

चार महिने ती बाई खेटे घालत होती.

घरी येऊन शोधलं, मेल कुठेच नाही. अनोळखी पत्ता, विषयाची ओळ कोरी, सोबत तीन फायली. माझ्या मेल सेवेनं तो स्पॅममध्ये टाकला असणार, आणि ती सेवा स्पॅम तीस दिवसांनी आपोआप पुसते. म्हणजे माझ्या दारात आलेला माणूस दुसऱ्याच कुणीतरी परस्पर घालवून दिला आणि मला पत्ताही नाही. ही गोष्ट मला लागली.

आता काही मंडळी म्हणतील, मग सरळ घरीच मेल सर्व्हर उभारा ना. तसं सहसा जमत नाही. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडला स्वतःचा स्थिर पत्ता नसतो. अनेक घरांमध्ये मिळून एकच सार्वजनिक पत्ता वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून कुणी थेट तुमच्या मशीनपर्यंत पोहोचू शकत नाही. शिवाय मेलच्या देवाणघेवाणीचा पोर्ट २५ अनेक कंपन्या बंद ठेवतात. म्हणून उलटं करायचं. टपाल आपल्याकडे यायची वाट बघायची नाही, आपला माणूस पाठवून आणवायचं.

ज्यांनी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओच्या पत्त्यावर पत्रं पाठवली असतील त्यांना हे लगेच समजेल. पुढच्या चौकीवर पोस्टमन येत नाही. आपला जवान खाली जातो आणि पिशवी घेऊन वर येतो. माझ्याकडे हे काम फेचमेल नावाचा प्रोग्राम करतो. एरिक रेमंड यांनी १९९६ मध्ये तो हाती घेतला, आणि पुढे खुल्या सॉफ्टवेअरवरच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्याचंच उदाहरण घेतलं. तीनशेचा आकडा दिला की तो दर तीनशे सेकंदांनी, म्हणजे पाच मिनिटांनी, जाऊन येतो.

मशीन म्हणाल तर हाताच्या पंजाएवढं रास्पबेरी पाय, त्यावर लिनक्स. मेमरी कार्डाऐवजी एसएसडी जोडली आहे, कारण सतत लिहिण्यानं कार्डं खराब होतात. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे. तोही संपला तरी काही बिघडत नाही. टपाल मूळ सेवेकडे पडून राहतं, वीज आली की जवान पुन्हा चालू लागतो.

फेचमेलच्या फायलीत पासवर्ड साधा लिहिलेला असतो. म्हणून ती फाइल मालकाखेरीज कुणाला वाचता येत असेल तर फेचमेल चालायलाच नकार देतो. मला ही शिस्त आवडली. बऱ्याच सेवा आता तुमचा नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रामला वापरू देत नाहीत. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड बनवावा लागतो.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. फेचमेल मुळात फक्त इनबॉक्स आणतो. म्हणजे मोठ्या सेवेनं आधीच स्पॅम ठरवलेलं टपाल तिकडेच राहणार आणि तिकडेच पुसलं जाणार. एवढं सगळं करून मूळ दुखणं जसंच्या तसं! उपाय असा, की पीओपीऐवजी आयमॅप वापरायचं आणि स्पॅमच्या फोल्डरचं नाव, सर्व्हरवर असेल तसंच अक्षर न् अक्षर, यादीत द्यायचं. दोन्ही पिशव्या घरी येऊ देत. निवाडा घरी होईल.

निवाडा करणारा संत्री म्हणजे बोगोफिल्टर. तोही रेमंड यांनीच सुरू केलेला, २००२ मध्ये. त्याच वर्षी पॉल ग्रॅहम यांनी लेख लिहून मांडलं होतं, की स्पॅम ओळखायला नियमांची यादी करू नका, शब्दांची मोजदाद करा. स्पॅमअ‍ॅसॅसिन हा दुसरा प्रसिद्ध प्रोग्राम अनेक नियमांना गुण देतो आणि बेरीज मुळात पाचावर गेली की स्पॅम म्हणतो. चांगला आहे, पण माझ्या एका माणसाच्या टपालाला मला हलका गडी हवा होता. बोगोफिल्टरला काहीच आधी माहीत नसतं. तुम्ही दाखवायचं, हे चांगलं, हे वाईट. प्रत्येक शब्द कुठे किती वेळा आला ते तो लिहून ठेवतो आणि नव्या मेलवर त्यावरून अंदाज बांधतो. 'पेन्शन' हा शब्द माझ्याकडे दोन्हीकडे येतो. हयातीचा दाखला भरा नाहीतर पेन्शन बंद, असं धमकावणारे ठग काय कमी आहेत? म्हणून त्या शब्दाला वजन उरत नाही. मग पाठवणाऱ्याचा सर्व्हर, दुव्यांतले पत्ते, असल्या खुणा निर्णय देतात. रात्री अंधारात संत्री माणूस चेहऱ्यावरून ओळखत नाही, चालीवरून ओळखतो, तसंच. देवनागरी शब्दही तो शिकतो. मला मराठीत स्पॅम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे मराठी पत्र बहुधा सुखरूप आत येतं.

शिकवताना मी एक चूक केली. उत्साहात सहाशे स्पॅम दाखवले आणि चांगली पत्रं जेमतेम चाळीस. नुसते शत्रूच बघितलेला संत्री सगळ्यांवर संशय घेणार, दुसरं काय! मेहुण्यांनी पाठवलेली लग्नपत्रिका अडली आणि घरात मला बोलणी बसली. मग जुनी पाचशे पत्रं शोधून दाखवली.

दुसरी फजिती अजून मजेशीर. फेचमेल टपाल मेलड्रॉपकडे देतो, मेलड्रॉप बोगोफिल्टरला विचारतो आणि योग्य फोल्डरमध्ये ठेवतो. पहिल्या रात्री बघतो तर आत फक्त स्पॅम! चांगलं एकही पत्र नाही. दोन दिवस डोकं धरून बसलो. कारण असं, की बोगोफिल्टर काम संपवताना आकडा परत देतो: स्पॅमला शून्य, चांगल्याला एक, शंका असेल तर दोन. मेलड्रॉपच्या भाषेत मात्र शून्य म्हणजे ठीक आणि बाकी सगळी गडबड. त्यामुळे चांगलं पत्र आलं की तो हात वर करायचा. बोगोफिल्टरला 'डॅश ई' हा पर्याय दिला की निर्णय काहीही असो, तो शून्यच देतो आणि निकाल पत्राच्या माथ्यावर लिहितो. एक अक्षर राहिलं होतं! पत्र एकही गेलं नाही, कारण पोच मिळाल्याशिवाय फेचमेल मूळ जागचं टपाल पुसत नाही. तरीही पहिले काही महिने 'कीप' हा शब्द लिहून ठेवाच, म्हणजे आणलेल्याचीही प्रत तिकडे राहते.

आत आलेलं टपाल डवकॉट नावाचा सर्व्हर माझ्या फोनवर आणि लॅपटॉपवर दाखवतो. तीन फोल्डर आहेत: चांगलं, स्पॅम, आणि शंका. स्पॅम आपोआप पुसायचा नाही, हा माझा हुकूम. एखादा फेरीवाला आत शिरला तर त्याला बाहेर काढता येतं. आपलाच माणूस दारावर पडला तर काय करणार? शंकेचा फोल्डर मी रोज संध्याकाळी चहाबरोबर बघतो, स्पॅमचा रविवारी. चूक दिसली की आधीची नोंद मागे घेऊन नवी करायची, त्याचीही सोय आहे.

सगळं चालू झाल्यावर त्या मुलाला फोन केला आणि म्हटलं, तोच मेल तसाच पुन्हा पाठव. विषय कोरा, तीन फायली. आईचं काम तोवर झालं होतं. रेझिंग डेहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पत्र लिहून रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलं होतं. त्याला वाटलं, साहेबांचं काहीतरी बिनसलंय. पण पाठवला बिचाऱ्यानं.

माझ्या संत्र्यानंही त्याला थेट आत घेतलं नाही. शंकेत बसवलं. संध्याकाळी चहाच्या वेळी मला दिसला.