कोर्टातली एफडी मोडताना

(देवास येथे गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी विषय कळवला तेव्हा आपल्या एका तरुण कार्यकर्त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, "काका, आरती झाल्यावर लोक प्रसाद घेऊन निवांत बसतात. तेव्हा एफडी आणि कोर्ट कशाला? काहीतरी संगीतावर बोला ना!" मी म्हटलं, "अरे, कुमारजींच्या देवासात संगीतावर बोलायला माझ्यापेक्षा चांगली माणसं पुष्कळ आहेत. मला जे येतं तेच बोलू दे."

माझी सगळी वकिली अपघाताच्या क्लेम केसमध्ये गेली. आपण आग्रा-मुंबई रस्त्यावरची माणसे. या रस्त्याने देवासला कारखाने दिले, पीथमपूरला रोजगार दिला, पण त्याचे मोलही घेतले. धार जिल्ह्यातला धामनोदजवळचा गणपती घाट आठवा. ज्या देवाचे नाव घेऊन आपण प्रवासाला निघतो, त्याच्याच नावाच्या घाटात ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी किती घरे उजाड केली! १८ जुलै २०२२ ला इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली. किमान बारा जीव गेले. त्या दिवशी देवास-धारमधल्या कितीतरी मराठी घरांतून खानदेशात फोन गेले असतील.

अपघातानंतर रडणे सगळ्यांना दिसते. चार-पाच वर्षांनी भरपाई मिळते, तेव्हाचा पेच मात्र कोणाला दिसत नाही. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निकाल देते, विमा कंपनी रक्कम जमा करते. पण सगळी रक्कम हातात येत नाही. थोडी रोख मिळते, बाकीची बँकेत मुदत ठेवीत जाते आणि तिचे व्याज दरमहा खात्यात येते. मुदतीआधी ठेव मोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. लोक चिडतात. "आमचा माणूस गेला, पैसा आमचा, मग कोर्ट मध्ये का?" प्रश्न रास्त आहे.

याचे उत्तर एका निकालात आहे. केरळच्या रस्ते परिवहन महामंडळाविरुद्ध सुसम्मा थॉमस यांचा खटला, १९९४ च्या निकालसंग्रहात तो छापला आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्यात नियम घालून दिले. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत ठेवीत राहावा. निरक्षर, अल्पशिक्षित आणि विधवा यांच्या रकमेलाही असेच संरक्षण असावे. शेतीची अवजारे किंवा पोट भरण्याचे साधन घ्यायचे असेल तर रक्कम द्यावी, पण ती खरोखर त्यासाठीच खर्च होते आहे याची खात्री करून. बँकेने त्या ठेवीवर कर्ज देऊ नये. रक्कम मोठी असेल तर एकाऐवजी अनेक ठेवी कराव्यात, म्हणजे गरजेला एकच मोडता येईल. आणि अडचण आली तर दावेदाराला केव्हाही अर्ज करता येईल. या नियमांचे मूळ गुजरात उच्च न्यायालयाच्या १९८२ च्या एका निकालात आहे, आणि आपल्या भोपाळच्या वायुपीडितांच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा आधार घेतला होता.

हे नियम मला तेव्हाही पाठ होते. तरी माझ्या हातून चूक झाली, ती आज तुमच्यासमोर कबूल करतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. धारकडच्या एका गावातली बाई, नवरा ट्रकखाली गेलेला, पदरात दोन मुलं. सव्वादोन लाख मंजूर झाले, बहुतेक ठेवीत गेले. वर्षभराने तिचा दीर तिला घेऊन माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, ट्रॅक्टर घ्यायचाय. भाड्यानं चालेल, वहिनींचं घर चालेल." मी अर्ज लिहिला, जोरात युक्तिवाद केला आणि रक्कम सोडवून दिली. दिराने पेढे आणले. मला वाटले, मोठे काम केले.

सात-आठ वर्षांनी एका लग्नात पोळ्या लाटणाऱ्या बायकांमध्ये ती दिसली. मी विचारले, "वहिनी, ट्रॅक्टर कसा चाललाय?" तिने लाटणे बाजूला ठेवले. "ट्रॅक्टर आला, पण भाऊजींच्या नावावर. पुढं वाटण्या झाल्या." मी गप्प उभा राहिलो. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "वकीलसाहेब, तेव्हा तुम्ही मला एकटीला कधी विचारलंच नाही हो."

मंडळी, माझ्या सनदेवरचा हा डाग कोणत्याही कोर्टाने लावलेला नाही, पण तो निघतही नाही. त्या दिवसापासून ठेव मोडायला कोणीही आले की आधी बाकीच्यांना बाहेर बसवतो.

आता याची दुसरी बाजू. नियम रक्षणासाठी असतो, पण आंधळेपणाने लावला तर तोच गळफास होतो. २०१२ मध्ये पद्मा विरुद्ध वेणुगोपाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. न्यायाधिकरणे यांत्रिकपणे ठेवी करतात, शिकल्या-सवरल्या माणसांची खरी गरज असली तरी रक्कम सोडत नाहीत, हे बरोबर नाही. समोरचा माणूस, त्याचे वय, शिक्षण, परिस्थिती पाहून ठरवा, असा त्याचा अर्थ.

काही वर्षांपूर्वी देवासातलीच, आपल्यातलीच एक बाई आली. तिच्या नावावर साडेआठ लाखांची ठेव, दरमहा सुमारे पाच हजार व्याज. मुलीच्या नावावर वेगळी ठेव, ती अठराची होईपर्यंत. मुलगी सतराची, नर्सिंगला प्रवेश मिळालेला. फी भरायला पंधरा दिवस आणि ठेव सुटायला नऊ महिने. मी घाईत अर्ज लिहिला: "मुलीच्या शिक्षणासाठी व घरखर्चासाठी रक्कम द्यावी." सोबत कागद काही नाही. अर्ज नामंजूर झाला. मला राग आला, पण घरी येऊन अर्ज पुन्हा वाचला तेव्हा कळले, मी न्यायाधीश असतो तर मीही नामंजूर केला असता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, अवघडलेली. म्हणाली, "भाऊ, मोहल्ल्यात एक जण आहे. दोन लाख रोख देतो म्हणतो. फक्त एटीएम कार्ड आणि पासबुक दहा वर्षं त्याच्याकडे ठेवायचं. देऊ का?"

मी कागद घेतला आणि तिच्यासमोर हिशेब मांडला. दरमहा पाच हजार, दहा वर्षे, म्हणजे सहा लाख. पुढचा पैसा आज तेवढ्या मोलाचा नसतो हे खरे. पण सात टक्क्यांनी मोजले तरी आजची किंमत चार लाख तीस हजारांच्या आसपास होते. तो देतो दोन लाख. उलटा हिशेब केला तर वर्षाला अठ्ठावीस टक्क्यांचे कर्ज झाले! तिने विचारले, "म्हणजे तो मदत करत नाहीये?" मी म्हटलं, "वहिनी, तो तुमची दहा वर्षं विकत घेतोय, निम्म्याहून कमी भावात."

आपल्या माळव्याला हा व्यवहार नवा नाही. मराठेशाहीत पुढच्या सालच्या वसुलीवर सावकाराकडून आगाऊ रक्कम उचलायची आणि परगणा इजाऱ्याने लावून द्यायचा, ही रीतच होती. आज भागले, पण उद्याचे पीक दुसऱ्याच्या कोठारात. राज्ये यातून सुटली नाहीत, तिथे एकट्या बाईची काय कथा?

आणि हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत अपघाताची भरपाई दरमहा किंवा दरवर्षी हप्त्याने देण्याची पद्धत मोठी आहे. तिथे हे पुढचे हप्ते रोख देऊन विकत घेणाऱ्या कंपन्याच उभ्या राहिल्या. लोक लुबाडले जाऊ लागले तेव्हा १९९७ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला आणि इतर राज्येही त्या वाटेने गेली. २००२ पासून केंद्रीय कायद्याने असे ठरवले की न्यायालयाच्या मंजुरीशिवाय हप्ते विकत घेतले तर घेणाऱ्याला त्यातल्या नफ्याच्या फरकावर ४० टक्के कर पडेल. न्यायाधीशाने पाहायचे काय, तर हा सौदा विकणाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या हिताचा आहे की नाही. तरीसुद्धा २०१५ मध्ये बाल्टिमोर परिसरातली प्रकरणे वर्तमानपत्रांनी उघडकीस आणली. लहानपणी घराच्या रंगातल्या शिशाने ज्यांच्या मेंदूला इजा झाली, अशा तरुणांचे हप्ते कवडीमोलाने घेतले गेले होते, आणि तेही न्यायालयाचा शिक्का घेऊन! म्हणजे शिक्का पुरेसा नाही. शिक्का मारण्याआधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो.

आपल्या कायद्यातही हा विचार जुना आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याच्या सहाव्या कलमानुसार भविष्यातल्या पोटगीचा हक्क विकता येत नाही, सरकारी निवृत्तिवेतनही विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार बापालासुद्धा अज्ञान मुलाची जमीन वा घर न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि परवानगी मिळते ती गरज असेल किंवा मुलाचा उघड फायदा असेल तरच. अलीकडे अपघात भरपाईसाठी वार्षिकी ठेवीची योजना आली आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ती आखून घेतली आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर राबवण्यास सांगितले. तिच्यात मुद्दल आणि व्याज मिळून ठरावीक हप्ता दरमहा येतो, छत्तीस ते एकशेवीस महिने. त्यावर कर्ज नाही, आणि मुदतीआधी मोडायची तर पुन्हा न्यायालय.

तर त्या मुलीचे पुढे काय झाले? आम्ही अर्ज नव्याने लिहिला. प्रवेशपत्र जोडले, फीचा तक्ता जोडला, पासबुकाची नक्कल जोडली. मागणी एवढीच केली की पंच्याऐंशी हजार थेट कॉलेजच्या खात्यात जावेत, बाकी ठेव तशीच राहावी. पेशीच्या दिवशी न्यायाधीशांनी मुलीला पुढे बोलावले आणि विचारले, "नर्सिंग तुम्हें करनी है, या घरवाले कह रहे हैं?" ती म्हणाली, "सर, मुझे करनी है. पापा के टाइम अस्पताल में देखा था." त्याच दिवशी आदेश झाला.

पाहा, जो प्रश्न मी त्या पहिल्या बाईला विचारायचा विसरलो, तोच त्या न्यायाधीशांनी विचारला. परवानगीचा सगळा अर्थ त्या एका प्रश्नात आहे.

आता घरी नेण्यासारख्या चार गोष्टी सांगतो.

पहिली: निकालाच्या वेळीच वकिलाला सांगा की एका मोठ्या ठेवीऐवजी वेगवेगळ्या मुदतीच्या ठेवी मागा. मुलांच्या दहावी-बारावीची वर्षे मोजून मुदती मागा.

दुसरी: ठेव मोडण्याच्या अर्जात "घरखर्च" असे मोघम लिहू नका. किती, कशासाठी, कोणाला, केव्हापर्यंत, हे लिहा आणि कागद जोडा. रक्कम थेट रुग्णालयाला वा कॉलेजला द्यावी असे म्हणा. आजारपण असेल तर डॉक्टरांचा खर्चाचा अंदाज लावा. लागते तेवढेच मागा.

तिसरी: एटीएम कार्ड, पासबुक, कोरी सही कोणालाही देऊ नका, मग तो सावकार असो की सख्खा भाऊ.

आणि चौथी गोष्ट आपल्या समाजासाठी आहे. आपण दहा दिवस वर्गणी गोळा करतो, हिशेब पै-पैचा ठेवतो. आपल्यातल्या निवृत्त बँकवाल्यांनी, मास्तरांनी महिन्यातला एक रविवार दिला तर? ज्या घरात असा पैसा येतो, तिथली ठेवीची पावती वाचून दाखवायची, व्याज जमा होते की नाही ते पाहायचे. वकील म्हणून मी बसेन, फी नाही. आणि येणाऱ्या बाईशी आधी एकटीशी बोलायचे, एवढा माझा हट्ट राहील.

त्या मुलीने मागच्या वर्षी दिवाळीला फराळाचा डबा आणून दिला. इंदूरला एका रुग्णालयात नोकरी करते. तिची आई म्हणाली, "भाऊ, माझी ठेव अजून तशीच आहे. पासबुक कपाटात, किल्ली माझ्याकडे." मला त्या किल्लीचा आनंद फराळापेक्षा जास्त झाला.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न दूर कर म्हणतो. काही विघ्ने आपण सावध राहिलो तर दारापर्यंत येतच नाहीत. तेवढी सद्बुद्धी तो आपल्याला देवो.

गणपती बाप्पा मोरया!